मंद्या, तुझ्या स्लाइसला वाळवंटात जागा आहे

प्रिय मंद्या,

आधी खांदा कसा आहे ते कळव, हात डोक्याच्या वर जातोय का अजून नाही, आणि डॉक्टर नाही म्हणत असतील तर चोरून सरावाच्या नेटमध्ये जाऊन बॉल मारत बसू नकोस, मला माहितीये तू तेच करत असणार.

तू विचारलं होतंस की ॲरिझोनातल्या आपल्या तीन गोल्फ कोर्सपैकी बेस्ट कुठला ते एका ओळीत सांग. एका ओळीत मावलं असतं तर मेसेजच टाकला असता लेका. ॲरिझोनाहून परत येऊन चार दिवस झाले, बुटाच्या सोलमधून अजून काटे निघतायत, आणि रोज वेगळा कोर्स बेस्ट वाटतो, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच काढावं.

शुक्रवारी सकाळी फिनिक्सला उतरलो, गाडी घेतली आणि तडक स्कॉट्सडेल. मी, विक्या आणि शिऱ्या. तुझी जागा रिकामी, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी चौथा म्हणून कोणीतरी अनोळखी माणूस जोडून मिळायचा, त्यातल्या एकाची गोष्ट पुढे येईल. पहिला दिवस टीपीसी स्कॉट्सडेल, स्टेडियम कोर्स. हा तुला टीव्हीमुळे पाठ आहे, फिनिक्स ओपन होते तो. १९८६ चा कोर्स, टॉम वाइसकॉफ आणि जे मॉरिश यांनी केलेला, आणि पब्लिक आहे, म्हणजे पैसे मोजले की तू-मी कोणीही खेळू शकतो. पैसे मात्र बरेच मोजावे लागतात, आणि ऐन सीझनला, म्हणजे जानेवारी ते मार्च, तर सगळ्यात जास्त.

आता गंमत ऐक. वाळवंटातला कोर्स म्हणून गेलो आणि तिथे वाळवंट आपलं बाजूला उभं राहून बघत असतं. जमीन बरीच सपाट, प्रेक्षकांना बसायला म्हणून मातीचे उंचवटे केलेले, गवत भरपूर. खरी भीती पाण्याची. १५ नंबरचं होल पार-५, म्हणजे पाच फटक्यांत बॉल खळग्यात जायला हवा, आणि त्याचं ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, तर चक्क पाण्यात बेटासारखं आहे. माझे चार बॉल गेले त्यातले तीन पाण्यात बुडाले, वाळवंटात येऊन बुडणारा मी एकटाच असेन असं शिऱ्याचं म्हणणं.

आणि मग १६. टूर्नामेंट फेब्रुवारीत असते त्यामुळे स्टँड जवळपास उभे झालेले, तिन्ही बाजूंनी रिकाम्या खुर्च्या. स्पर्धेत त्या एका होलभोवती वीसेक हजार माणसं बसतात, आणि होल स्वतः किती साधं, १६३ यार्डाचं पार-३, तेही मागच्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा). १९९७ ला टायगर वूड्सने इथेच होल-इन-वन मारला होता, म्हणजे पहिल्याच फटक्यात बॉल खळग्यात, आणि २०२२ ला सॅम रायडरने मारला तेव्हा लोकांनी बिअरच्या कॅनचा असा पाऊस पाडला की मैदान साफ करेपर्यंत खेळ थांबला. आम्ही पुढच्या टीवरून, १४० च्या आसपास, मी आठ नंबरची स्टिक काढली. बघणारं कोणी नाही, एक माणूस लांब वेल्डिंग करत होता तेवढाच, तरी माझे हात घामेजले होते रे. बॉल डावीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. विक्याने दोन्ही हात तोंडाशी धरून वीस हजार माणसांची हुर्यो एकट्याने उडवली आणि त्या वेल्डिंगवाल्याने मास्क वर करून बघितलं.

१३ वर आम्ही दहा मिनिटं दगड शोधत होतो. तुला आठवतंय ना, १९९९, टायगरचा बॉल एका मोठ्या धोंड्यामागे थांबला, धोंडा जमिनीत रुतलेला नव्हता म्हणून रूलप्रमाणे तो 'लूज', म्हणजे सुटा, हलवता येणारा, मग डझनभर प्रेक्षकांनी ढकलून तो बाजूला केला. आता तिथला प्रत्येक दगड तोच वाटतो. शिऱ्याने एकाला खांदा लावून बघितला, हलला नाही, ठीक आहे.

स्कोअर ९६ (जितका कमी तितका बरा). कोर्स मस्त आहे, काही म्हणायला जागा नाही, पण खरं सांगू का, ती मजा टीव्हीवर बघितलेल्या जागी उभं राहण्याची होती. तोच कोर्स दुसरीकडे नेऊन ठेवला तरी चाललं असतं असं सारखं वाटत राहिलं.

शनिवारचं उलटं. ट्रून नॉर्थ, मॉन्युमेंट कोर्स. पुन्हा वाइसकॉफ-मॉरिशच, १९९०. (हा वाइसकॉफ १९७३ ची ब्रिटिश ओपन स्कॉटलंडमधल्या ट्रूनलाच जिंकला होता, नावाचा योग बघ.) सकाळी पोचलो तर फ्रॉस्ट डिले! वाळवंट म्हणून मी हाफ बाहीचा टीशर्ट घालून गेलेलो आणि गवतावर पांढरा थर. गोठलेल्या गवतावर चाललं तर पाती तुटतात आणि मग जाईल तिथे काळे पाय उमटतात, म्हणून ऊन येईपर्यंत कोणाला सोडत नाहीत. तासभर कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून बसलो.

पण मंद्या, पहिल्या टीवर उभा राहिलो आणि थंडी विसरलो. समोर पिनॅकल पीक, घराएवढाले गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे, सगळीकडे सग्वारो, म्हणजे ते उंच खांबासारखे कॅक्टस, आणि त्या तांबूस मातीत हिरवी फेअरवे (टी आणि ग्रीनमधला गवताचा पट्टा) म्हणजे कोणीतरी गालिच्याचा तुकडा टाकून विसरून गेल्यासारखी. हिरवं इतकं हिरवं की खोटं वाटतं. आणि थोडं खोटं आहेच, कारण मूळचं बर्म्युडा गवत थंडीत झोपतं आणि पिवळं पडतं, म्हणून पावसाळा संपल्यावर त्यावर राय नावाचं गवत पेरतात, आपण जानेवारीत बघतो ते रायचं हिरवं. तुकडे तुकडे का, तर पाणी. ॲरिझोनात १९८० ला भूजलाचा कायदा आला, त्यानंतर नव्या १८ होलच्या कोर्सला साधारण ९० एकर गवताच्या हिशेबानेच पाणी मिळतं. मग डिझाइन करणारा काय करतो, टीजवळ थोडं गवत, मध्ये वाळवंट तसंच ठेवायचं, पुढे लँडिंगला गवत, पुन्हा वाळवंट, मग ग्रीन. बेटावरून बेटावर उडी मारत जायचं. टार्गेट गोल्फ म्हणतात त्याला.

तर ही उडी मला जमली नाही. चूक माझीच, विक्याच्या नादाने एक टी मागून खेळलो. टीवरून १८० यार्ड हवेतून गेल्याशिवाय गवतच लागत नाही असं दोनचार वेळा आलं की ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची स्टिक) हातात घेतानाच पोटात गोळा यायला लागतो, आणि मग तू जोरात मारतोस, आणि जोरात मारलं की काय होतं ते तुला मी काय सांगणार. नऊ बॉल गेले. एक तर सग्वारोच्या छातीत जाऊन रुतला, वर, हात पोचणार नाही असा, आणि शेजारी सुतारपक्ष्याची दोन भोकं, तिसरं माझं. वाईट वाटलं रे, या झाडाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात आणि मी साडेतीन डॉलरच्या बॉलने त्याला भोक पाडलं.

बऱ्याच कोर्सवर वाळवंट लाल पेनल्टी एरिया धरतात (२०१९ च्या रूलनंतर हे सोपं झालं), म्हणजे बॉल आत गेला तिथून दोन क्लबच्या (स्टिकच्या) अंतरावर ड्रॉप, म्हणजे बॉल हाताने सोडायचा, आणि एका स्ट्रोकचा दंड. परत टीवर जायला लागत नाही, नाहीतर आम्ही अजून तिथेच असतो. पण मला कुठली अक्कल, सातव्या बॉलला म्हटलं दिसतोय तर मारूया. बॉल बारीक खडीवर स्वच्छ पडलेला, मागे गुडघ्याएवढं चोया नावाच्या कॅक्टसचं झुडूप. लांबून इतकं मऊ दिसतं, टेडी बेअर म्हणतात त्याला, उन्हात केसाळ चमकतं. बॅकस्विंगला पोटरी नुसती टेकली असेल नसेल, एक अख्खा कांडा, म्हणजे त्याच्या फांदीचा तुकडा, लिंबाएवढा, पँटीतून आत शिरला. मी हाताने काढायला गेलो तर आमचे चौथे गडी, सत्तरीचे एक रिटायर्ड आजोबा, लांबून ओरडले, हात लावू नको! काट्यांना उलटी बारीक खवलं असतात, पोटरीतून निघतो आणि बोटात बसतो. आजोबा शांतपणे आले, बॅगेच्या बाजूच्या खिशातून साधा कंगवा काढला, रुंद दातांचा, कांड्याच्या खाली सरकवला आणि झटकन बाहेरच्या बाजूला उडवला. तो कांडा सहा फूट लांब जाऊन पडला. उरलेले सात-आठ काटे चिमट्याने एकेक करून काढले, प्रत्येक काट्याबरोबर कातडी तंबूसारखी वर उचलली जायची आणि मग टचकन सुटायची. चिमटासुद्धा त्यांच्याकडेच होता. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून बघत होता.

त्यांनीच मग रूल सांगितला, की बॉलजवळ रॅटलस्नेक असेल तर दंड न लागता लांब ड्रॉप घेता येतो, पण कॅक्टस असेल तर काही सवलत नाही, साप धोक्यात धरला जातो, काटा नाही. पायाला टॉवेल गुंडाळून मारलं तर चालतं, टॉवेल कॅक्टसवर टाकला तर दंड. मला हे इतकं आवडलं की पोटरी ठणकत असताना हसलो. (साप एकही दिसला नाही, जानेवारीत ते बिळात झोपलेले असतात. तुझ्या बायकोला हे आवर्जून सांग.)

स्कोअर १०३, आणि तो पण शेवटच्या दोन होलला विक्याने न मारताच माफ केलेले दोन पट (ग्रीनवरचे जवळचे फटके) धरून. तरीही फोटो सगळ्यात जास्त तिथलेच आहेत. एका पार-५ च्या फेअरवेच्या मधोमध एक प्रचंड धोंडा आहे, कोर्सचं नाव त्याच्यावरूनच. त्याच्यासमोर आम्ही तिघं उभे, मी एका पायावर जोर देऊन, बघशीलच.

रविवार, वी-को-पा, सग्वारो कोर्स. स्कॉट्सडेलच्या पूर्वेला, फोर्ट मॅकडॉवेल यावापाई लोकांच्या जमिनीवर, नावही त्यांच्याच भाषेतलं, समोरच्या फोर पीक्स डोंगराचं. ट्राइबची जमीन, त्यामुळे कोर्सच्या कडेने एकसुद्धा घर नाही. आदल्या दिवशीपर्यंत हे जाणवलं नव्हतं, पण कोणाच्या तरी स्विमिंग पूलशेजारून, कोणाच्या तरी बार्बेक्यूच्या वासातून खेळणं आणि नुसतं डोंगर आणि शांतता यात खेळणं यात किती फरक आहे. तिथे दोन कोर्स आहेत, चोया २००१ चा, आणि सग्वारो २००६ चा, बिल कूर आणि बेन क्रेनशॉने केलेला. चोया नाव ऐकूनच माझी पोटरी नको म्हणाली.

सग्वारो आम्ही चालत खेळलो, तीन चाकी पुशकार्ट ढकलत. डेझर्ट कोर्सला हे कमीच जमतं, कारण एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत बऱ्याचदा पाव मैल डोंगर चढायचा असतो. इथे ग्रीनवरून उतरलं की चाळीस पावलांवर टी. आणि फेअरवे रुंद, इतकी रुंद की पहिल्या दोन होलला वाटलं हा काय सोपा कोर्स दिला. मग ग्रीनवर कळतं. उजवीकडून आलास तर मधला उंचवटा बॉल ढकलून खाली पाठवतो, डावीकडून आलास तर उतार स्वतः नेऊन झेंड्याशी ठेवतो. म्हणजे चुकायला जागा भरपूर दिलीये, पण कुठे चुकलास त्याचा हिशेब शंभर यार्डावर घेतात. मी तीन होलला सलग थ्री-पट (ग्रीनवर तीन-तीन फटके) केले आणि तरी चिडलो नाही, कारण प्रत्येक वेळी कळत होतं की आधीचा शॉट कुठे हवा होता. ट्रूनला बॉल गेला की गेला, त्यातून मी काही शिकलो नाही, फक्त गरीब झालो.

८८. बॉल एक गेला, तोही माझ्या आळसाने, तीन मिनिटं शोधायची मुभा होती, मी अर्ध्या मिनिटात सोडला.

आता तुझा प्रश्न. तुझा स्लाइस, म्हणजे बॉल हवेतच उजवीकडे वळणं, खांदा बरा झाल्यावरसुद्धा, चाळीस यार्ड उजवीकडे जाणारच, त्याबाबत मला कुठलीही आशा नाही. म्हणून मी चांगला शॉट कुठे किती सुंदर दिसतो ते बघणं सोडून दिलं आणि वाईट शॉटचं काय होतं तेवढंच बघितलं. टीपीसीला तुझा वाईट शॉट उंचवट्यावर गवतात बसेल किंवा पाण्यात बुडेल. ट्रूनला तो धोंड्यावर आपटून जाईल कुठेतरी आणि तू दुपारपर्यंत बोलणार नाहीस. सग्वारोला तो उजव्या कडेला गवतात असेल, तिरका, अवघड, पण तुझा असेल. मला विचारशील तर सग्वारो दोनदा, ट्रून एकदा पुढच्या टीवरून, आणि टीपीसी फक्त १६ साठी, तेही संध्याकाळच्या स्वस्त रेटला, मात्र जानेवारीत पावणेसहाला सूर्य मावळतो त्यामुळे १८ होल होतीलच असं धरू नकोस.

सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये बुक करू नकोस. तेव्हा राय पेरायला कोर्स दोन-तीन आठवडे बंद असतात, आणि उघडल्यावर काही दिवस कार्ट फक्त पक्क्या रस्त्यावर, म्हणजे प्रत्येक शॉटला फेअरवे ओलांडून पायपीट. विक्या म्हणतो डिसेंबरची सुरुवात. शिऱ्याला रजा नाही, पण त्याला कधीच नसते आणि तो येतोच.

बॉल दोन डझन आण, नवे नकोत. फुल पँट आण, जाड. कंगवा आणू नकोस, परत येताना मी दोन घेतलेत, स्टीलचे, एक माझ्या बॅगेला अडकवलाय आणि दुसऱ्यावर तुझं नाव टाकून ठेवलंय.

तुझाच,
बाब्या

ता.क. आजोबांनी नंतर माझ्या पोटरीकडे बघून सांगितलं की त्यांना पहिल्या वर्षी हे तीनदा झालं होतं. कुठे कुठे ते त्यांनी सांगितलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, भेटल्यावर.