फॉरवर्ड करणं म्हणजे जामीन राहणं

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. हे पत्र लिहायला जरा लाजच वाटायली, कारण यात चूक माझीच आहे. पण गल्लीत तोंडी सांगून सांगून दमलो, म्हणून म्हटलं एकदा पेपरातच लिहावं.

माझं औशात झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. दिवसभर पीकविमा, केवायसी, दाखले हेच चालू असतं, त्यामुळं आमच्या गल्लीत मला मोबाईलमधलं लै कळतं असा सगळ्यांचा समज आहे. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं झोडपलं, परंडा-भूमकडं सीना नदीनं काय हाल केले ते पेपरात रोज येतच होतं, आमच्याकडंही उभं सोयाबीन पाण्यात गेलं. अशात एक दिवस व्हॉट्सअपवर पोस्टर आलं. पूरग्रस्तांना मदत, वर पाण्यात बुडालेल्या गल्लीचा फोटो, खाली क्यूआर कोड, अन् "आपल्याच भागातील तरुणांचा उपक्रम". मला ते वर्गमित्रानं पाठवलं, त्याला त्याच्या साडूनं, साडूला कुणी ते साडूलाच माहीत नाही. स्कॅन केलं तर मंडळाचं नाव यायच्या ऐवजी कुण्या एका माणसाचं नाव आलं, मी मनात म्हटलं खजिनदार असंल. अकराशे टाकले अन् लगेच गल्लीच्या ग्रुपवर ढकललं, वर लिहिलं, "मी दिलेत, तुम्हीपण द्या."

तेवीस जणांनी दिले. कुणी हजार, कुणी पाचशे, कुणी एकावन्न.

तिसऱ्या दिवशी माझा भाचा दुकानात आला, तो गॅरेजवर कामाला आहे, त्याला कुठंही आधी गाडी दिसते अन् मग माणूस. त्यानं तो फोटो बोटानं मोठा केला अन् म्हणाला, "मामा, ही रिक्षा आपल्याकडची न्हाई, एमएच १० हाय." एमएच १० म्हणजे सांगली. लातूरला २४, बीडला २३, धाराशिवला २५. नेटवर शोधलं तर तोच फोटो २०१९ च्या सांगलीच्या पुराचा निघाला. पोस्टरवरच्या नंबरला फोन लावला, बंद. दोन दिवस मी त्या फोटोकडं शंभर वेळा बघितलं असंल, पण रिक्षाचा नंबर काय मला दिसला नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथं यूपीआयचा बारा आकडी व्यवहार नंबर, रक्कम, वेळ विचारतात, ते माझ्याकडं होतं, तक्रार नंबर मिळाला. पण खरं तर हा फोन तासाभरात करायचा असतो, पैसा त्या खात्यातून पुढं सरकायच्या आत, मग बँकेला तो अडवता येतो. आमचे तीन दिवस गेले होते, त्यामुळं हाताला काहीच लागलं नाही. अन् त्या तेवीस जणांतल्या दोघांनीच तक्रार केली, बाकीचे म्हणायलेत पाचशे रुपड्यांसाठी कोण त्या भानगडीत पडतंय. चोरानंपण हाच हिशोब केलेला असतो बघा.

सगळ्यात वाईट वाटलं ते आमच्या गल्लीतल्या एका आज्जीचं. तिला निराधारचे महिन्याला दीड हजार मिळतात, त्यातले दोनशे तिनं नातवाच्या मोबाईलवरून टाकले होते, का तर मी लिहिलंय म्हणून. मी दोनशे घेऊन तिच्या घरी गेलो. मला वाटलं नको म्हणंल, तर तिनं दोन्ही नोटा उजेडाला धरून बघितल्या, कनवटीला लावल्या अन् म्हणाली, "बरं झालं, तू तरी सापडलास."

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरायली. सोसायटीच्या कर्जाला कुणी जामीन राहा म्हटलं तर आपण चार दिवस तोंड चुकवतो, बायको घरात वेगळी भांडते. अन् मदतीचं पोस्टर फॉरवर्ड करताना? अंगठा दाबला की झालं. पण समोरचा पोस्टरकडं बघून पैसे देतच नाही, तो तुमच्या नावाकडं बघून देतो. म्हणजे आपण जामीनच राहिलो की, फक्त कागदावर सही नाही.

नकली काम किती बारीक असतं तेपण सांगतो. २०२० मध्ये पीएम केअर्स फंड निघाला तेव्हा खऱ्या यूपीआय आयडीतला 'केअर्स'चा शेवटचा एस तेवढा गाळून खोटा आयडी काढला होता, घाईत कुणाच्या लक्षात येणार? दुसरी तऱ्हा मी स्वतः बघितली. एका पोराच्या ऑपरेशनचं आवाहन आलं, पोस्टरवरचा नंबर सोडून मी दवाखान्याचा नंबर वेगळा शोधून फोन केला, तर त्या नावाचं पेशंट सध्या ॲडमिटच नाही. गावातून पत्ता काढत काढत बापापर्यंत पोचलो, तो म्हणाला, "भाऊ, पोरगं आता शाळंत जायलंय, आमच्या नावानं कोण पैसे मागायलंय?" आवाहन खरंच होतं, पण जुनं, अन् क्यूआर कुणीतरी बदलून टाकलेला.

म्हणून आता मी पेशंटसाठी द्यायचे तर दवाखान्याच्याच खात्यावर देतो, पेशंटचं नाव अन् नोंदणी नंबर टाकून. त्याच्याआधी नातेवाईकांना विचारतो, महात्मा फुले योजनेत बसतंय का, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. दवाखाना धर्मादाय आहे का तेपण बघायला सांगतो, असल्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत अन् १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत द्याव्या लागतात. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं अन् ते आधी झोळी पसरतात. दुकानावर पावतीबुक घेऊन येणाऱ्याला मी धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर विचारतो, खरा असला तर तो पावतीवरच छापलेला असतो. नसला की तो माणूस चहा पण न घेता निघतो. पोस्टरवर ८०जी, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट, असं लिहिलंय म्हणून भुलायचं तर मुळीच कारण नाही, दोन हजाराच्या वर रोख दिले तर ती सूट नाही, अन् नवीन करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला तर तसंही काही मिळत नाही.

हे वाचून कुणी हात आखडता घेईल अशी भीती वाटते म्हणून हेपण लिहितो. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, लोक गणपती बुडवून झोपले होते, मी तेव्हा पाचवीत. सगळा देश आमच्याकडं धावून आला ते मी डोळ्यानं बघितलंय. पण कपड्यांचे जे ट्रक आले त्यात कोट-टायपण होते, शेतकरी टाय लावून ढिगारा उपसणार होता का? जे पायजे ते विचारून द्यावं एवढंच. यावेळी पुरानं जमीन खरवडून गेली तिथं जनावराला वैरण नव्हती अन् पोरांची दप्तरं वाहून गेली होती. नंतर आम्ही चौघांनी परंड्याकडच्या एका गावातल्या ओळखीच्या गुरुजींना फोन करून विचारलं अन् पिकअपभर कडबा नेऊन टाकला. ज्याला तेवढं जमत नाही त्यानं मुख्यमंत्री सहायता निधीला द्यावं, पण कुणी पाठवलेल्या लिंकवर नको, साईट स्वतः उघडून.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या पेपरात मदतीची आवाहनं येतात, त्याची कात्रणं वर्षानुवर्ष फिरत राहतात. बातमीतच तारीख मोठी छापा, मदत कधीपर्यंत लागणार ते टाका, अन् क्यूआरच्या ऐवजी दवाखान्याचं खातं अन् पेशंटचा नोंदणी नंबर द्या. पैसे पुरले की "आता मदत नको" अशी दोन ओळींची बातमीपण येऊ द्या, ती कधीच येत नाही.

आमच्या ग्रुपवर आता नियम केलाय, आवाहन टाकणाऱ्यानं खाली "मी जामीन" असं लिहायचं. त्यानंतर तीन पोस्टर आले. तिन्ही वेळा मी फक्त विचारलं, जामीन कोण? दोन लगेच डिलीट झाले. तिसऱ्याच्या खाली त्या आज्जीच्या नातवानं लिहिलं, "मी. दवाखान्यात जाऊन आलोय."

आपला,
एक झेरॉक्सवाला
औसा, जि. लातूर