फॅटी लिव्हरच्या ‘ग्रेड’पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा फिजिशियन. मधुमेहाचा पेशंट हल्ली पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढतो. त्यावर असतं, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’. पुढचा प्रश्न ठरलेला: “डॉक्टर, लिव्हर खराब झालं का?” याचं उत्तर त्या कागदात नसतं. ग्रेड असते चरबीची. यकृतात व्रण धरून ते कडक होतंय का, सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं आकसून निकामी होण्याच्या, वाटेला लागलंय का, हे साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला कळत नाही. आणि पेशंटचं पुढे काय होणार, हे चरबीपेक्षा या कडकपणावर जास्त ठरतं.

तो मोजता येतो. पेशंटला उताणं झोपवायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगायचा आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवायचा. टिचकी मारल्यासारखा धक्का बसतो. त्याची लाट यकृतातून किती वेगानं गेली, हे अल्ट्रासाउंड टिपतं. यकृत जितकं कडक, तितकी लाट वेगवान. निदान दहा मापं घेऊन मधला आकडा किलोपास्कल या एककात देतात. फॅटी लिव्हरमध्ये तो ८ च्या आत असला तर सहसा चिंता नाही, १२ च्या वर गेला तर तज्ज्ञाकडे पाठवलंच पाहिजे. सुईनं यकृताचा तुकडा काढायची वेळ मग थोड्यांवरच येते.

फायब्रोस्कॅन नावानं हे तंत्र २००३ पासून बाजारात आहे. आमच्याकडे मात्र ते येतं औषध कंपनीच्या एक दिवसाच्या शिबिरात! रांगेत उभ्या प्रत्येकाचं मोजतात, नुकत्याच जेवून आलेल्याचंही. खरं तर किमान तीन तास पोट रिकामं हवं, नाहीतर आकडा फुगतो. कावीळ असेल, हृदय कमजोर होऊन यकृतात रक्त तुंबलं असेल, तरीही फुगतो. त्या कागदानं धास्तावलेली माणसं मग आमच्या ओपीडीत.

म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्राला मशीन द्या, असं मी म्हणत नाही. पहिली चाळणी रक्ताची हवी. ‘फिब-४’ नावाचं साधं गणित आहे: वयाला एसजीओटीनं गुणायचं आणि प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं भागायचं. (एसजीओटी, एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स.) समजा वय ५२, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दीड लाख. उत्तर येतं २.६, म्हणजे हा चाळणीवर अडकला, याचा कडकपणा मोजायला हवा. १.३ च्या खाली असता तर त्याला निर्धास्त घरी पाठवलं असतं (पासष्टीनंतर ही रेघ २ वर धरतात). आज हाच रिपोर्ट बघून “थोडं वाढलंय, तेलकट कमी खा” एवढंच सांगितलं जातं. हे चारही आकडे सरकारी प्रयोगशाळेकडे असतात. रिपोर्टवर एक ओळ जास्तीची छापायची, बस.

चाळणीवर अडकलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालय. कडकपणा मोजायची सोय आता बऱ्याच नव्या सोनोग्राफी मशीनमध्येच मिळते. पुढच्या खरेदीच्या निविदेत ती अट घाला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. दहा मापांत किती तफावत होती, हे रिपोर्टवर लिहिणं सक्तीचं करा. एका मशीनचा आकडा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा मशीनचं नावही हवं. आणि हे मोफत हवं. जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्याच्या कामी येते, आमचा हा पेशंट तर चालत येतो, त्याला दुखत काहीच नसतं.

केंद्रानं २०२१ मध्येच फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. निविदेला वेळ लागणार, हे समजू शकतो. रिपोर्टवरच्या त्या एका ओळीचा आदेश मात्र याच महिन्यात काढावा, ही विनंती.

आपला,
एक फिजिशियन