हार्लेमला निघण्याआधी पेटीचा क्रमांक शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी आपल्या पुरवणीत न्यूयॉर्कमधील ठिकाणांची यादी आली होती. हार्लेममधील शॉमबर्ग सेंटर तिच्यात ‘कृष्णवर्णीयांचे संग्रहालय, अर्धा तास पुरे’ एवढ्यावर आटोपले आहे. हे संग्रहालय नव्हे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे ते संशोधन ग्रंथालय आहे आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास व संस्कृती हाच त्याचा विषय आहे. दर्शनी दालन आणि चालू असलेले प्रदर्शन पाहायला अर्धा तास खरेच पुरतो. पण तिथला एखादा कागद ज्याला हातात घ्यायचा आहे, त्याची तयारी इथे कोल्हापुरात बसूनच व्हावी लागते. ती न झाल्याने लोक दालन बघून हात हलवत परततात, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी यादीतील एक चूक. ‘डॉ. आंबेडकर याच ग्रंथालयात अभ्यासाला बसत’ असे त्यात म्हटले आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात होते. शॉमबर्ग जिथे आहे त्या १३५व्या रस्त्यावर तेव्हा चारचौघांसारखे शाखा-वाचनालय होते. कृष्णवर्णीयांच्या साहित्य-इतिहासाचा वेगळा विभाग तिथे निघाला तो १९२५ साली. मूळचे पोर्तो रिकोचे आर्तुरो शॉमबर्ग हे एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करून पुस्तके आणि कागद गोळा करत होते. त्यांची ५,००० हून अधिक पुस्तके, ३,००० हस्तलिखिते आणि २,००० छापचित्रे व चित्रे कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगीदार संस्थेच्या १०,००० डॉलरमधून १९२६ साली ग्रंथालयाने घेतली. आज संग्रह एक कोटी दहा लाख वस्तूंच्या घरात आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र शोधायलाही पुष्कळ जण इथे येतात. ते इथे नाही. ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात आहे आणि घरबसल्या पडद्यावर वाचता येते.

मग इथे काय? मराठी माणसाला आपल्या ओळखीचे धागे बरेच सापडतात. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांच्या गुलामी-विरोधी चळवळीची छापील पत्रके आणि पुस्तके इथे आहेत. मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, सचिन संस्थानचे नवाब यांच्यावर या संस्थेने २०१३ साली भारतातील आफ्रिकी लोकांविषयीचे प्रदर्शन भरवले होते. जंजिरा पाहायला वर्षातून एकदा जाणाऱ्या आपल्या लोकांना ‘हबशी’ या शब्दापलीकडे काही सांगणारे इतके साहित्य दुसरीकडे सहज मिळत नाही. आणि ‘ग्रीन बुक’. हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेली ही प्रवास-पुस्तिका. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात कुठे उतरता येईल, कोण जेवायला वाढेल, कोणत्या पंपावर पेट्रोल मिळेल, याची गावनिहाय यादी. तिची पाने उलटताना भाऊसिंगजी रोडवरचे अस्पृश्य मानलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांचे हॉटेल आठवल्याशिवाय राहत नाही. शाहू महाराज तिथे चहाला का थांबत, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. बहुतेक अंक ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात फुकट आहेत. म्हणजे ‘ग्रीन बुक’साठीही विमानाचे तिकीट नको.

तिकीट लागते ते पेट्यांसाठी. पत्रे, रोजनिशा, सभांची इतिवृत्ते, टाइप केलेले मसुदे, हे सगळे कपाटात मांडलेले नसते. ते बंद भांडारात खोक्यांत आणि फोल्डरमध्ये असते. आपल्या दप्तरखान्यातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, डोळ्यांसमोर आणा, फक्त कापडाऐवजी पुठ्ठ्याची पेटी. प्रत्येक संग्रहाची पेटीवार, फोल्डरवार यादी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या अभिलेख-संकेतस्थळावर आहे. ‘माल्कम एक्स यांचे कागद दाखवा’ असे खिडकीवर सांगून काम होत नाही. अमुक संग्रह, पेटी ४, फोल्डर ७ असे लेखी मागावे लागते आणि त्यासाठी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. निदान तीन-चार आठवडे आधी मेल टाकावा. संग्रहाचा थोडा भाग न्यूयॉर्कबाहेरच्या गोदामात असतो. तो आणवायला काही दिवस जातात, आणि दोन दिवसांच्या मुक्कामात तेवढे दिवस कुठून आणणार?

यादी वाचताना तीन गोष्टी नीट पाहाव्यात. एक, तो भाग बंद आहे का. लेखक जेम्स बाल्डविन यांचे कागद २०१७ साली इथे आले, पण त्यातील काही खासगी पत्रे २० वर्षांसाठी मोहोरबंद आहेत. दुसरी, मायक्रोफिल्म (कागदांचे बारीक फोटो घेतलेली फिल्म) झालेली आहे का. झाली असेल तर मूळ कागद सहसा देत नाहीत, फिल्मच बघावी लागते. तिसरी, ध्वनिफिती आणि चित्रफिती. त्यांची ऐकण्याजोगी प्रत तयार नसेल तर त्या दिवशी काहीच हाती लागत नाही.

शोधताना शब्दांची गफलत होते, तीही सांगून ठेवावी. जुन्या नोंदी ‘निग्रो’ या शब्दाखाली आहेत, मधल्या ‘आफ्रो-अमेरिकन’ आणि अलीकडच्या ‘आफ्रिकन अमेरिकन’. एकच शब्द टाकून ‘काही नाही’ म्हणणारा संग्रहाच्या मोठ्या भागाला मुकतो. सिद्दी हा शब्दही इंग्रजीत एका डीने, दोन डींनी, शेवटी आय किंवा वाय लावून असा सगळ्या तऱ्हांनी टाकून बघावा. हबशी आणि ॲबिसिनियनही सोडू नयेत.

जायचे कसे? न्यू जर्सीहून गाडी पेन स्टेशनला येते. तिथून अपटाउनकडे जाणारी २ किंवा ३ क्रमांकाची सबवे धरून १३५व्या रस्त्याला उतरायचे. माल्कम एक्स बुलेवार्ड म्हणजेच जुना लेनॉक्स ॲव्हेन्यू. जिना चढून वर आले की ग्रंथालय तिथेच. १ क्रमांकाची गाडीही पेन स्टेशनातूनच जाते, पण ९६व्या रस्त्यानंतर तिची वाट वेगळी होऊन ती ब्रॉडवेने वर सरकते. कोलंबिया विद्यापीठाला ती बरोबर. आणि ‘११६वा रस्ता’ नावाचे स्टेशन दोन्ही वाटांवर आहे! २ किंवा ३ ने तिथे उतरून कोलंबिया शोधणारा मॉर्निंगसाइड पार्कच्या खालच्या अंगाला उभा राहतो आणि मग कडा चढून जातो. दोन्ही एकाच दिवशी करायची हौस असेल तर सकाळी शॉमबर्ग, दुपारनंतर कोलंबिया. रविवारी आणि सरकारी सुट्टीला ग्रंथालय बंद असते. आपली मंडळी मे ते जुलैत जातात, म्हणून मेचा शेवटचा सोमवार, १९ जून आणि ४ जुलै या तारखा वगळूनच बेत करावा.

प्रवेशाला पैसे नाहीत आणि बसून वाचायला न्यूयॉर्कचा रहिवासी असावे लागत नाही. पासपोर्ट जवळ असावा, ग्रंथालय-कार्डाचा ऑनलाइन अर्ज निघण्यापूर्वीच भरावा. हस्तलिखितांच्या दालनात पिशवी, पर्स, छत्री, पाण्याची बाटली काही नेता येत नाही. शाईचे पेन तर नाहीच, फक्त पेन्सिल. लॅपटॉप आणि मोबाइल चालतो, फ्लॅश नाही. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, पाने उचलून न घेता उलटायची आणि आतला क्रम विस्कटू द्यायचा नाही. फोटो काढताना पहिला फोटो पेटी-फोल्डरच्या क्रमांकाचा घ्यावा. हे न केल्याने घरी परतल्यावर ३०० फोटो असतात आणि कुठले पान कुठले, याचा पत्ता नसतो. दिवसाला चार पेट्या नीट झाल्या तर खूप. फोटो अभ्यासापुरते, लेखात छापायचे तर परवानगी वेगळी.

ज्यांना पेट्यांत रस नाही त्यांनी निदान दालनातील फरशी निरखून पाहावी. रंगीत फरशीत पितळेच्या पट्ट्यांनी नद्या काढल्या आहेत, मध्यभागातून त्या बाहेर पसरत जातात आणि कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या नद्यांवरच्या कवितेच्या ओळी तिथे कोरल्या आहेत. त्याच फरशीखाली १९९१ साली ह्यूज यांच्या अस्थी ठेवल्या. आपला माणूस कडेला थबकतो, चप्पल काढावी की काय असे त्याला वाटते. तिथली पोरे मात्र तिच्यावरून खुशाल ये-जा करतात. चित्रकार ॲरन डग्लस यांनी १९३४ मध्ये याच ग्रंथालयासाठी रंगवलेली चार मोठी चित्रे कधी कधी दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेली असतात. ती पाहायचीच असतील तर आधी विचारून घ्यावे.

आता थोडे घरचे. शॉमबर्गचा मोठेपणा आम्हाला इमारतीपेक्षा त्या पेटीवार यादीत दिसतो. कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ ची, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चे, मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे, माणगावची परिषद १९२० ची. यांचे सरकारी कागद दप्तरात सुरक्षित असतील. पण जलशांच्या वह्या, बोर्डिंगचे वार्षिक अहवाल, परिषदांची निमंत्रणे, वर्गणीच्या पावत्या अजून घराघरांतील ट्रंकांत आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातले काही रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. दर शाहू जयंतीला तेच आठ-दहा फोटो भिंतीवर लागतात, कारण बाकीचे कुणाकडे आहे याची यादीच नाही.

ती करायला अनुदान लागत नाही. ट्रंक उघडावी ती पावसाळ्यानंतर, कोरड्या हवेत. गंजलेल्या टाचण्या आणि पिना हलक्या हाताने काढाव्यात, कारण गंज कागदाला भोक पाडतो. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर दिसली तर तो गठ्ठा वेगळा ठेवावा. कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवून, मागे कोपऱ्यात पेन्सिलने आकडा घालावा आणि तोच आकडा वहीत उतरवून पुढे एक ओळ लिहावी: काय आहे, साल, पाने किती. वहीची झेरॉक्स करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन दाखवावी; मूळ कागद घरीच राहिले तरी चालतील. मोडी वाचता येत नसेल तर ‘मोडी, पाने ४’ एवढेच लिहावे, वाचणारा पुढे कधीतरी येईल.

आपले,
दोन निवृत्त ग्रंथपाल
राजारामपुरी, कोल्हापूर