आधी तुझी तपासणी

कोल्हापूर,
१४ जुलै

प्रिय पक्या,

राजाराम बंधारा परवाच पाण्याखाली गेला. फोनवर तुझ्याशी सविस्तर बोलणार होतो, पण घरात आई असते, फौंड्रीत फर्नेसचा आवाज असतो, आणि खरं सांगायचं तर मूल होत नाही या विषयावर माझी जीभ अजून अडखळते. म्हणून लिहितोय. वाचून झालं की वहिनींच्या हातात दे.

तू म्हणालास, "तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीचीही झाली, काहीच सापडत नाही." मी विचारलं, तुझी? तर तू हसलास. "मला काय धाड भरलीय मर्दा?" मीही असंच म्हणायचो. तालमीत दहा वर्षं काढलेल्या माणसाला कोण सांगणार?

लग्नात सुजाता २८ ची होती. वर्षभर वाट बघितली, मग पुढची चार वर्षं तिनं जे सोसलं ते आठवलं की मान खाली जाते. गर्भनळीत औषध सोडून एक्स-रे काढतात, त्या दिवशी ती रिक्षात दांडी घट्ट धरून बसली होती आणि मी पुढं रिक्षावाल्याशी ऊसदरावर बोलत होतो. आईनं जोतिबाला नवस केला, नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा धरल्या. या चार वर्षांत एकाही डॉक्टरनं वीर्य तपासायला माझ्या हातात डबी दिली नाही. पण मीही मागितली नाही. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तिची जाडजूड फाइल मिटली आणि विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?"

काही शे रुपयांची तपासणी रे. सुई नाही, भूल नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, एवढंच पथ्य. लाज वाटते ती त्या छोट्या खोलीची, बाहेर बाकावर बसलेल्या लोकांची. माझ्या वीर्याचा पहिला थोडा भाग सांडला, तो मी सांगितला नाही. नंतर कळलं, सगळ्यात जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. पुन्हा द्यावं लागलं. तसं ते एरवीही द्यावंच लागतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळं मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. एका कागदावर कुणी निकाल देत नाही.

माझा काउंट, म्हणजे शुक्राणूंचा आकडा, आला एका मिलिलिटरला ३० लाख. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला छापलेली खालची रेघ आहे एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख. त्यातले निदान ४२ टक्के हलते हवेत आणि नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच! शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असले तरी चालतं, हे ऐकून मला जरा धीर आला. आणि ही रेघ म्हणजे काही भिंत नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांपाशी ती ओढलीय. रेघेखालीही मुलं होतात, वर असूनही काहींना होत नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, मेल्टिंगला, लोखंड वितळवायच्या भट्टीवर. १४०० अंशांच्या रसापुढं उभा. त्यांनी मान हलवली. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाहीत, त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश थंड लागतं. त्यात माझ्या डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, व्हेरिकोसील. शिवाय तंबाखूचा मावा होताच. यातलं नेमकं कशानं झालं, ते कुणी छातीठोक सांगत नाही. मी मेल्टिंग सोडून डिस्पॅचला बदली मागून घेतली, मावा सोडला.

आता तुझं. जिममधल्या त्या पोराकडून सुई घेतोस ना? डॉक्टरांना मी तुझं नाव न घेता विचारलं. त्या सुईतून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बाहेरून आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो वृषणांना हुकूम देणंच बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. म्हणजे दंड फुगतात आणि खालचा कारखाना बंद पडतो, गड्या. सुई थांबवली की बहुतेकांचं पुन्हा सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षही, आणि सगळ्यांचं पूर्ववत होतंच असं नाही. डॉक्टरांपुढं हे लपवू नकोस, नाहीतर ते दुसरीच कारणं शोधत बसतील.

आमच्यापुढं दोन वाटा होत्या. शिरांचं ऑपरेशन करून काउंट वाढायची वाट बघायची, किंवा थेट इक्सी, म्हणजे बायकोची बीजं बाहेर काढून एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईनं सोडायचा. माझ्यासारख्याचं काम त्यात भागतं, कारण कोटी लागत नाहीत, बीजागणिक एक बास. पण हे १९९२ पासूनचं तंत्र बायकोच्या वयापुढं हात टेकतं. बीजं तिच्या जन्मापासूनची. पस्तिशीनंतर यश उतरत जातं, चाळिशीनंतर फारच. सुजाता तेव्हा ३३ ची. पक्या, मी तपासणीला न जाऊन घालवलेली चार वर्षं माझ्या वयातून गेली नाहीत, तिच्या वयातून गेली. रात्री झोप लागत नाही ती यानंच.

जाहिरातीतले टक्के बघून हुरळू नकोस. विचार, हे टक्के रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचे की मूल हातात आल्याचे? कोणत्या वयाच्या बायकांचे? बीजं काढली तिथून मोजले, की गर्भ आत सोडला तिथून? आम्ही इक्सी केली. ९ बीजं निघाली, ७ पक्व, ५ फळली, पाचव्या दिवसापर्यंत २ टिकली. पहिला गर्भ धरला नाही. त्या दिवशी मी रंकाळ्यावर एकटा बसलो होतो, तर सुजाता मागून आली आणि म्हणाली, "एकटाच बसलायस व्हय? मी बी बसतो की." गोठवून ठेवलेला दुसरा मात्र रुजला. आता पाचवा महिना चालू आहे, आई सोडून कुणाला सांगितलेलं नाही, तू आणि वहिनीही बोलू नका.

पुढच्या महिन्यात गावाकडं येणार आहेस ना? सोमवारी ये, माझी सुट्टी असते. गाडी मी काढतो, बाकावर मी बसतो. तिथनं सुटलो की मिसळ खाऊ. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि हा डॉक्टरी फेरा आता तुझा आहे म्हणून सांग.

तुझा,
संभा

ता. क. सुई बंद केलीस की मिस्ड कॉल दे. मी समजून घेईन.