परदेशी निघालेल्या आईबाबांची औषधांची पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातले आईबाबा मुलांकडे लंडन नाहीतर न्यू जर्सीला निघतात. लोणची-पापड नीट बांधले जातात, औषधांचे कागद राहतात. इथे ओळखीचा केमिस्ट कागदाविना गोळ्यांची पट्टी देतो, तिथे नाही.

इंग्लंडच्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आरोग्य अधिभार (व्हिसाबरोबर भरायची सरकारी आरोग्यसेवेची फी) नसतो, म्हणून सगळे फुकट असा समज. इमर्जन्सी विभागातले उपचार फुकट, खरे. पण वॉर्डात दाखल केले की पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट बिल. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत तपासावेच लागते, बिल मात्र मागाहून येते. तिथल्या स्वस्त 'फिक्स्ड बेनिफिट' विम्यात दर उपचाराला ठरावीक रक्कमच मिळते, उरलेले खिशातून. जुन्या मधुमेहाचे कलम तर आधी वाचावे.

प्रिस्क्रिप्शनवर ब्रँड नको, घटकांची नावे हवीत. आपली दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी तिथे बहुधा मिळत नाही. पॅरासिटामॉलचे अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते. इंग्लंडमध्ये साखरेचा आकडाही वेगळा: आपल्या १८० ला १८ ने भागा, तिथले १०. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७ टक्के म्हणजे तिथले ५३. रिपोर्टच्या कडेला पेनने लिहून ठेवा.

आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेतच. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि गोठलेले वितळले तरी टाकूनच द्यावे लागते.

— एक वाचक, बडोदे