प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी आणि सभासदांच्या नोंदवहीसाठी आवाहन

ख्रिस्तातील सर्व बंधुभगिनींस सलाम आणि इतर सर्व स्नेह्यांस नमस्कार.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा आमच्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या प्रार्थनामंदिराची जवळजवळ सगळी कौले उडाली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली सभासदांची नोंदवही रात्रभर भिजत राहिली. त्या पावसाळ्यात सभासदांचीच घरे उघडी पडलेली असल्यामुळे मंदिरावर तात्पुरते पत्रे टाकून आम्ही घरांच्या कामाला लागलो, आणि हा क्रम योग्यच होता असे आजही आम्हाला वाटते. मात्र तात्पुरते म्हणून टाकलेले ते पत्रे खाऱ्या वाऱ्याने आता ठिकठिकाणी खाल्ले गेले आहेत, आढ्याखालचे वासे कुजले आहेत, आणि नोंदवहीची पाने एकमेकांना चिकटून त्यांना कडेने वाळवी लागली आहे. छप्पर आणि वही या दोन्हींच्या दुरुस्तीसाठी हे आवाहन आहे.

वहीचा उल्लेख छपराच्या बरोबरीने का केला, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीत लेखनिकाकडे जी नोंदवही असते तिच्यात सभासदाचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख, तो मंडळीत कसा आला आणि कसा कमी झाला, असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात मृत्यूची नोंद येते किंवा, सभासदत्व दुसरीकडे हलवले असेल तर, ‘बदलीपत्राने’ असे लिहून त्या दुसऱ्या मंडळीचे नाव येते. आमच्या वहीतला हा शेवटचा रकानाच सर्वांत दाट भरलेला आहे. कुर्ला, ठाणे, कल्याण, पुणे अशी गावांची नावे निळ्या-काळ्या शाईत एकाखाली एक लिहिलेली आहेत, आणि पाणी लागल्यामुळे काही पानांवर सभासदाचे नाव पार पुसले जाऊन तो जिथे गेला त्या गावाचे नाव तेवढे वाचता येते.

ज्या जगव्यापी मंडळीचे आम्ही घटक आहोत तिची सुरुवातही मोठ्या संख्येने झाली नव्हती. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताचे पुनरागमन होईल या अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांच्या गणिताचा फोल अनुभव घेतलेल्या लोकांपैकी काही थोडे पुन्हा शास्त्र उघडून बसले, सातव्या दिवसाच्या शब्बाथाकडे, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या व उपासनेच्या दिवसाकडे, वळले, आणि २१ मे १८६३ रोजी त्यांची रीतसर संघटना झाली, तेव्हा सभासद साडेतीन हजारांच्या आसपास होते. आज ती संख्या दोन कोटींच्या वर आहे. भारतात हे काम प्रवचनाने नव्हे तर पुस्तकांनी आले. १८९३ मध्ये विल्यम लेंकर आणि ए. टी. स्ट्रूप हे दोन पुस्तकविक्रेते मद्रासला उतरले आणि १८९५ मध्ये जॉर्जिया बरस ही तरुणी कलकत्त्यास येऊन बंगाली शिकू लागली. मंडळीचा छापखाना पुढे लखनौमार्गे पुण्यास आला. पुण्याच्या ज्या सॅलिसबरी पार्कमधून आज रोज हजारो वाहने जातात, त्या भागाला होमर सॅलिसबरी या अ‍ॅडव्हेंटिस्ट कार्यकर्त्याचे नाव आहे. ३० डिसेंबर १९१५ रोजी भारताकडे परतताना त्यांचे जहाज भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडवले गेले आणि त्यात त्यांचा अंत झाला. १९४२ मध्ये स्पायसर कॉलेजही पुण्यास आले, आणि तेव्हापासून कोकणातल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट घरांतील मुलांच्या शिक्षणाची वाट घाट चढूनच जाते.

आमच्या किनाऱ्यावर प्रॉटेस्टंट मिशनरी त्याआधी फार पूर्वी, १८२३ मध्येच, बाणकोटला उतरले होते. स्कॉटलंडहून आलेल्या त्या लोकांनी या भागात मराठी शाळा चालवल्या, परंतु त्यांचे काम लवकरच मुंबई-पुण्याकडे सरकले. आमची मंडळी त्यांची वारस नव्हे. ती आजच्या वृद्धांच्या आईवडिलांच्या काळात, पुण्याहून पुस्तकांची पेटी घेऊन आलेल्या एका विक्रेत्यामुळे सुरू झाली, असे आम्ही पिढीजात ऐकत आलो आहोत. पावसाने खाडी ओलांडायची तर (होडी) बंद पडली म्हणून तो विक्रेता ज्या घरी राहिला, त्या घराच्या पडवीत शनिवारी सकाळी शब्बाथ शाळा भरू लागली. प्रथम एक कुटुंब, मग त्याच वाडीतील दोन, असे करत ती पडवी अपुरी पडली. त्यानंतर चिऱ्याच्या चार भिंती उभ्या राहिल्या आणि मंडळीची रीतसर स्थापना झाली. आमच्याकडे बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून देतात, त्यामुळे तो खाडीत भरतीची वेळ पाहूनच ठरवावा लागतो, कारण ओहोटीला तिथे गुडघाभर चिखलाशिवाय काही नसते. एकदा पाळकांना पोहोचायला उशीर झाला आणि पांढऱ्या कपड्यांतील सहा जण काठावर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहिले, ही गोष्ट आजही प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी कोणीतरी सांगतेच.

इतक्या लहान मंडळीला टिकून राहणे सोपे नव्हते. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी सूर्यास्ताला संपतो. जूनअखेर सव्वासातच्या सुमारास आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास येणारी ही वेळ पावसाळ्यात सूर्य दिसत नसल्याने तक्त्यावरून पाहावी लागते. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव संध्याकाळी होतो, आणि मासळीच्या धंद्यातील आमच्या भगिनींनी शुक्रवारचा तो लिलाव वर्षानुवर्षे सोडला आहे. त्याची किंमत काय, हे ज्यांचे घर त्या मासळीवर चालते त्यांनाच कळेल. शिवाय खवले आणि पर असलेला मासाच आम्ही खातो, त्यामुळे कोकणात राहून कोलंबी, कुर्ल्या आणि तिसऱ्यांना नाही म्हणणारी माणसे म्हणून शेजारीपाजारी आमची प्रेमाने थट्टाही होते.

आता वाढीविषयी. शनिवारी उपासनेला जमणारी डोकी मोजली तर ही मंडळी वाढली असे कोणी म्हणणार नाही. बाके अर्धी रिकामी असतात आणि बसलेल्यांत पन्नाशीच्या पुढचे अधिक. परंतु भाताचा तरवा जिथे पेरतात तिथेच तो कापत नाहीत, हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. बदलीपत्रे घेऊन गेलेल्या आमच्या सभासदांनी मुंबईच्या चाळींत शब्बाथ शाळा चालवल्या, काही जण मंडळ्यांचे वडील, म्हणजे स्थानिक पुढारी, झाले, काही पाळक झाले, आणि त्यांच्या मुलांची नावे आज दुसऱ्या मंडळ्यांच्या नोंदवह्यांत आहेत. त्या साऱ्यांचा पहिला पुरावा आमच्या या भिजलेल्या वहीत आहे, आणि म्हणून हे आवाहन प्रथम तिच्या शेवटच्या रकान्यातील नावांना आणि त्यांच्या मुलाबाळांना उद्देशून आहे.

आपण नियमित दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देता, मग पुन्हा देणगी कशासाठी, असा प्रश्न काहींनी विचारला आणि तो रास्त आहे. आमच्या मंडळीच्या नियमांनुसार दशांश स्थानिक मंडळीकडे राहत नाही. तो संपूर्णपणे वरच्या कार्यालयाकडे जातो व पाळकांच्या आणि सुवार्तेच्या कामासाठीच वापरला जातो. इमारत बांधणे किंवा दुरुस्त करणे यासाठी त्यातला एक रुपयाही घेता येत नाही. याच नियमामुळे अर्धी बाके रिकामी असलेल्या मंडळीलाही पाळक मिळतो, तेव्हा त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र छप्पर ज्याचे त्याने शाकारायचे असते.

छपराचे उतरते क्षेत्र सुमारे अकरा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) भरते. ब्रासला साधारण दीडशे कौले लागतात, म्हणजे मोडतोड धरून सतराशे कौले हवीत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यापासून आपल्या किनाऱ्याने ज्या कौलांवर भरवसा ठेवला, तीच पुन्हा घालावीत असे मंडळीच्या सभेत ठरले आहे. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत उपासनेला बसवत नाही आणि पावसात उपदेश ऐकू येत नाही, ही त्याची दोन साधी कारणे. गावोगावी जुनी घरे पाडून स्लॅब पडत आहेत. त्यांतून निघालेली धड कौले, कोने, आणि किंजळाचे किंवा ऐनाचे सुके वासे आपल्याकडे पडून असतील तर ते आम्हाला रोख देणगीइतकेच मोलाचे आहेत. सुतार आणि गवंड्यांची मजुरी, रिपा, खिळे आणि वाळवीवरील औषध यांसाठी मात्र पैसेच लागतील. वासे बदलण्यासाठी स्थानिक सभासदांनी भातकापणीनंतर प्रत्येकी चार दिवसांचे श्रमदान करण्याचे मान्य केले आहे.

नोंदवहीची पाने सुटी करून, जाणकाराकडून वाळवून, त्यांची छायाचित्रे घ्यायची आहेत. जी नावे पुसली गेली ती भरून काढण्यासाठी आपल्या घरातील बाप्तिस्म्याचे दाखले, बदलीपत्राच्या प्रती, जुनी पत्रे आणि खाडीकाठची छायाचित्रे यांची गरज आहे. मूळ कागद पाठवू नयेत. मोबाईलवर काढलेले स्पष्ट चित्र पुरेसे आहे, फक्त त्यातील माणसे कोण हे सोबत लिहावे, कारण छायाचित्र राहते आणि ओळखणारी माणसे जातात, हा अनुभव आम्ही घेतला आहे.

देणगी खजिनदारांकडे किंवा आपल्या मंडळीच्या खजिनदारांमार्फत, लिफाफ्यावर ‘छप्पर’ किंवा ‘नोंदवही’ असे लिहून द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला वापरला जाणार नाही व हिशेब उपासनेनंतर सर्वांसमोर वाचला जाईल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांनी थेट रक्कम पाठवू नये, कारण २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली आमची नोंदणी नाही. भारतीय पारपत्रावर परदेशात नोकरी करणाऱ्यांना स्वतःच्या बचतीतून देण्यास ही अडचण नाही. कौले किंवा लाकूड पाठवणाऱ्यांनी आदल्या दिवशी निरोप द्यावा, आणि शुक्रवारी दुपारनंतर अथवा शनिवारी टेम्पो पाठवू नये. त्या वेळी तो उतरवून घ्यायला आमच्यापैकी कोणी मिळणार नाही.

आपले नम्र,
मंडळीचे वडील, खजिनदार व लेखनिक