गहाळ वर्षांचीही नोंद ठेवणाऱ्या ग्रंथपालांस

आदरणीय ग्रंथपाल,
सप्रेम नमस्कार.

कौटुंबिक इतिहास शोधणाऱ्या वाचकांसाठी आपण बरंच काही केलंत. त्यात सर्वांत मोलाचा आहे तो दर्शनी भागात लावलेला तक्ता. त्यात नोंदवहीचं नाव आहे, ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची, मूळ वही आहे की फिल्म (पानांची छोट्या आकारातली छायाचित्रं असलेलं रीळ) की स्कॅन, नावांची सूची आहे का, हे सगळं आहे; आणि शेवटच्या रकान्यात मधली कोणती वर्षं गहाळ आहेत तेही. हा रकाना सहसा कुणी भरत नाही. मग नाव सापडलं नाही की ते माणूस तिथे नव्हतंच असं वाचक धरून चालतो, आणि प्रत्यक्षात त्या काळाची वहीच शिल्लक नसते. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले. हे ठाऊक नसलेला माणूस त्यात आपला पूर्वज किती दिवस शोधत बसेल!

आपण वाचनालयाला फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळाचं संलग्न वाचनालय करून घेतलंत, त्याचा उपयोग रोज होतो. त्या संकेतस्थळावरच्या कितीतरी नोंदींपुढे कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसते. ती पानं घरून उघडत नाहीत, वाचनालयाच्या नेटवर्कवरून मात्र त्यातली बरीचशी उघडतात. वाचनालयाचा आयपी पत्ता (इंटरनेटवर नेटवर्क ओळखायचा क्रमांक) बदलला तर हा प्रवेश बंद पडू शकतो आणि वाचकाला वाटतं नोंदच काढून टाकली. म्हणून महिन्यातून एकदा किल्लीवालं एक पान उघडून पाहण्याची आपण घालून दिलेली पद्धत छोटी असली तरी फार कामाची आहे.

सूचीत नाव मिळालं नाही तर काय करायचं, याचं आपलं टिपणही नेमकं आहे. आधी आडनावातल्या शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, एकाहून जास्त अक्षरांची शंका असेल तर तारांकन. तरीही नाहीच, तर आडनाव पूर्ण गाळून फक्त नाव, ठिकाण आणि दोन-तीन वर्षांचा पट्टा. शेवटी सूची बाजूला ठेवून पानन् पान चाळायचं. अनेकदा सूची करणाऱ्याने जुनं वळणदार अक्षर चुकीचं वाचलेलं असतं, पण पानावर नाव असतं. तारखांचा इशाराही तितकाच महत्त्वाचा: इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७४० असं लिहिलेला बाप्तिस्मा आजच्या हिशेबाने १७४१ चा. हे लक्षात घेतलं नाही तर लग्नाआधीच मूल जन्मलेलं दिसतं.

फिल्मच्या कपाटाकडे आपण दिलेलं लक्ष बाहेरच्यांना कळणार नाही. जुन्या अ‍ॅसिटेट (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की ती विघटित होऊ लागली आहे असं समजायचं, आणि तिच्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या रिळांनाही बिघडवतं. वास येणारी रिळं आपण तत्काळ वेगळी काढलीत, हवेशीर कागदी खोक्यांत थंड, कोरड्या जागी ठेवलीत आणि स्कॅनिंगच्या रांगेत पहिली लावलीत. क्रम असाच हवा. मागणी जास्त असलेली चांगली रिळं थोडी थांबू शकतात, ही नाही.

स्कॅनच्या फाइलला वही क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक, याच क्रमाने नाव देण्याचा आपला आग्रह काहींना जाचक वाटतो. आम्हाला तो अत्यंत योग्य वाटतो. नुसतं ‘स्कॅन ००१’ असेल तर पुढच्या संशोधकाला मूळ पानापर्यंत परत जाता येत नाही, आणि कोरी पानंही स्कॅन केली नाहीत तर पान सुटलं की मुळातच कोरं होतं, हे कळायला मार्ग उरत नाही. हयात माणसांचे तपशील असलेल्या अलीकडच्या वह्या आपण खुल्या ठेवल्या नाहीत आणि त्याचं कारण तक्त्यातच लिहिलंत, याबद्दल वेगळे आभार.

गहाळ वर्षांचा रकाना इतर वाचनालयांनाही भरता यावा म्हणून तक्त्याचा कोरा नमुना त्यांना पाठवायला आपली परवानगी हवी आहे. नावांची सूची नसलेल्या वह्यांचं काम आम्ही वाटून घ्यायला तयार आहोत: एकाने उतरवायचं, दुसऱ्याने मूळ पानाशी ताडून पाहायचं, आणि न लागलेलं अक्षर अंदाजाने न भरता चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं.

आपले कृतज्ञ,
कौटुंबिक इतिहास विभागाचे वाचक